घरगुती पाणीमागणीचे प्रतिमान

शहरातील घरांना कोणत्या वेळी किती पाणी लागेल आणि ते पुरेशा दाबाने पोहोचेल का, याची संगणकावर केलेली मांडणी. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेची ‘एपानेट’ (१९९३) ही यासाठीची मोफत व प्रचलित आज्ञावली. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हा भारतीय निकष असून त्याला तासागणिक गुणक लावतात. जळगाव (वाघूर धरण) व धुळे (तापी, नकाणे तलाव) येथे मात्र नळ अनेकदा दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येत आला आहे. पाणी सुटताच घरोघरी हंडे, ड्रम, टाक्या एकाच वेळी भरतात. काहीजण नळालाच मोटार लावतात. म्हणून येथे मागणी दाबानुसार बदलती धरावी (एपानेट २.२ मध्ये ही सोय आहे) व घरच्या टाक्याही मांडाव्यात; अन्यथा शेवटच्या गल्लीची टंचाई हिशेबात येत नाही.