गच्चीवरची तार

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या सडकेवर, अमौसीच्या विमानतळापासून थोड्या अंतरावर, सरोजिनी नगर नावाचा भाग आहे. सरकारी नोकरीच्या निमित्ताने सध्या माझा मुक्काम तेथे आहे. आमच्या गल्लीतील एका दुमजली घराच्या गच्चीवर लोखंडी नळ्यांचा एक उंच खांब उभा आहे. तीन दिशांना ओढून बांधलेल्या तणाव्यांनी तो सावरलेला असून त्याच्या माथ्यापासून दोन्ही अंगांस एक बारीक तांब्याची तार उतरत गेली आहे. अनोळखी माणसास ती कपडे वाळत घालण्याची दोरी वाटावी. परंतु घराचे मालक, जे लष्कराच्या सिग्नल्स विभागातून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत, त्या तारेवरून रोज पहाटे दूरदूरच्या देशांतील माणसांशी बोलत असतात. ते परवानाधारक हौशी बिनतारीवाले आहेत.

गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी या खांबाविरुद्ध तक्रार केली. खांब वीज ओढून आणील, वादळात कोणाच्या तरी अंगणात कोसळेल आणि एवढे करून त्याचा उपयोग काय, असे त्यांचे म्हणणे होते. मी सरकारी नोकर म्हणून मध्यस्थीचे काम माझ्याकडे आले. निवाडा करण्यापूर्वी प्रकरणाचा पूर्वेतिहास पाहावा, अशी आम्हा लोकांची सवय असते. तो पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले की, या साध्या खांबामागे सव्वाशे वर्षांची हकिकत आहे आणि तिचा एक मोठा भाग आपल्या मुंबईत घडलेला आहे.

प्रथम तारेविषयी थोडे सांगितले पाहिजे. बिनतारी संदेश तारेवाचून जातो खरा. तथापि तो सोडण्यास आणि झेलण्यास तार लागतेच. तिलाच पूर्वी एरियल म्हणत, आज अँटेना म्हणतात. तिची लांबी मनास येईल तेवढी ठेवून चालत नाही. ज्या लहरीवर बोलावयाचे तिच्या लांबीच्या निम्मी तार असली म्हणजे ती उत्तम काम देते. हौशी लोकांच्या आवडत्या चाळीस मीटरच्या पट्ट्यासाठी म्हणूनच सुमारे वीस मीटर, म्हणजे पासष्ट-सहासष्ट फूट तार लागते. ती जमिनीच्या फार जवळ असेल तर तिची बहुतेक शक्ती सरळ वर आकाशाकडे जाते. उंच नेली म्हणजे लहरी क्षितिजालगत निघून दूरचा पल्ला गाठतात. तेव्हा उंची हा येथे मिरविण्याचा विषय नसून गरजेचा आहे.

ही गरज मार्कोनीला फार लवकर कळली होती. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात पोल्ढू येथे त्याने सुमारे दोनशे फूट उंचीचे वीस खांब वर्तुळाकार उभे केले. १९०१ च्या सप्टेंबरातील वादळाने ते आडवे केले. घाईघाईने दोन खांबांवर साधे एरियल चढवून मार्कोनी अटलांटिकपार न्यूफाउंडलंडला गेला. तेथे सोसाट्याच्या वाऱ्यात त्याने पतंग उडवून त्याच्या आधाराने आपली तार वर नेली आणि १२ डिसेंबर १९०१ रोजी पोल्ढूहून येणारा संकेत ऐकल्याचे जाहीर केले. वीस खांबांनी जे साधले नाही ते एका पतंगाने साधले! लखनौत मात्र या उपकाराची फेड उलट होते. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी येथे ‘जमघट’ असतो; सारे शहर गच्चीवर जाऊन पतंग उडविते आणि संध्याकाळपर्यंत सुभेदारांच्या तारेला मांजाची जाळी लागते.

खांब उभारण्याचे शास्त्र कठीण नाही. पण त्यात आळस खपत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की खांबावरील जोर चौपट होतो. मे-जून महिन्यांत उत्तरेकडे धुळीची ‘आंधी’ उठते, तिची परीक्षा कठोर असते. म्हणून तणावे तिन्ही दिशांना सारख्या अंतरावर हवेत आणि त्यांचा ताण सारखा हवा. तणाव्याच्या लोखंडी तारेत जागोजाग चिनीमातीचे रोधक घालून तिचे तुकडे पाडावे लागतात. नाही तर ती तार आपणच एरियलसारखी वागू लागते. खांबाच्या पायाशी भूसंपर्काची तार खोल ओलाव्यापर्यंत गेलेली असावी. उंच वस्तूवर वीज पडण्याचा संभव अधिक असतो, हे शेजाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हे. म्हणूनच तिला जमिनीत जाण्यास सरळ वाट करून द्यावयाची आणि ढग दिसताच यंत्राची तार सोडवून ठेवावयाची. विजेच्या खांबांवरील तारांपासून तर इतके दूर राहावे की, आपला खांब कोसळला तरी त्यांना शिवू नये. हा नियम मोडल्यामुळे अनेक देशांत माणसे दगावली आहेत. शिवाय विमानतळाच्या परिसरात उंच काही उभारावयाचे झाले तर विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत पत्र लागते, ते वेगळेच.

आता आपल्या देशाकडे वळू. १९२१ साली कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू हे हिंदुस्थानातील पहिले हौशी बिनतारीवाले झाले. त्याच वर्षी मुकुल बोस दुसरे झाले आणि दोघांमध्ये संभाषण सुरू झाले. त्याच सालच्या ऑगस्टमध्ये मुंबईहून प्रक्षेपित केलेले संगीत गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी पुण्यास ऐकले. दोन वर्षांनी, १९२३ मध्ये, मुंबईच्या रेडिओ क्लबाने कार्यक्रम प्रक्षेपित केले. नभोवाणीचा पाया येथे प्रथम हौशी मंडळींनी घातला. पगारी मंडळी मागाहून आली. १९२७ साली पुण्याजवळ खडकीस प्रक्षेपणाचे आणि दौंडला ग्रहणाचे केंद्र होऊन इंग्लंडशी बिनतारी दळणवळण सुरू झाले, तेव्हा त्या माळरानांवर गगनाला भिडणारे मनोरे उभे राहिले. ते साम्राज्याचे मनोरे होते. हौशी माणसाजवळ बांबू, कप्पी आणि गच्ची एवढाच सरंजाम असे. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातील परवानेदारांची संख्या पन्नासही नव्हती आणि त्यांतील बहुतेक गोरे लष्करी अधिकारी होते.

१९३९ साली महायुद्ध पेटले. सरकारने नवे परवाने बंद केले आणि असलेल्या परवानेदारांना आपली प्रक्षेपक यंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे लेखी हुकूम पाठविले. युद्धकाळात कोणतेही सरकार सावध राहणारच. परंतु येथे भीती केवळ शत्रूच्या हेरांची नव्हती, स्वतःच्या प्रजेचीही होती. ती भीती अनाठायी नव्हती, हे तीन वर्षांत दिसून आले.

ज्यांच्या नावाने आमची ही वस्ती ओळखली जाते त्या सरोजिनी नायडूंना ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत गांधीजींसमवेत अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान महालात ठेवण्यात आले. नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची तोंडे बांधली गेली. अशा वेळी उषा मेहता नावाची बावीस वर्षांची विद्यार्थिनी आणि तिचे सहकारी यांनी मुंबईत गुप्त नभोवाणी केंद्र चालविण्याचा संकल्प केला. यंत्र उभारण्यासाठी त्यांनी नरिमन प्रिंटर या हौशी बिनतारीवाल्यास गाठले. ऑगस्टच्या अखेरीस ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. चितगाव, जमशेदपूर, आष्टी-चिमूर येथील ज्या बातम्या कोठेही छापल्या जात नव्हत्या, त्या लोकांनी या केंद्रावरून ऐकल्या.

येथे तारेचा हिशेब पुन्हा आठवावा. बेचाळीस मीटरच्या लहरीला सुमारे एकवीस मीटरची तार शोभते. यंत्र पेटीत घालून नेता येते, ध्वनिमुद्रिका पिशवीत लपविता येतात. पण तारेला खोलीबाहेर, उघड्या आकाशाखाली यावेच लागते. शिवाय ती ज्या लहरी सोडते त्याच पोलिसांच्या दिशाशोधक यंत्रांना तिचा पत्ता सांगत असतात. बोलणे म्हणजेच ठिकाण उघड करणे! म्हणून हे केंद्र एका जागी स्थिर राहू शकले नाही. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगाव, महालक्ष्मी असे त्याचे बिऱ्हाड फिरत राहिले. अखेर ज्या तंत्रज्ञाने यंत्र उभे केले, त्याच्याकडूनच पोलिसांना सुगावा लागला आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्रावर धाड पडली. उषा मेहतांना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. बाबूभाई खाकरांना पाच वर्षांची. जेमतेम तीन महिने चाललेल्या त्या केंद्राने हे मात्र सिद्ध केले की, सरकार ज्या तारेला भीत होते तिच्यात खरोखरच सामर्थ्य होते.

स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यकर्त्यांपुढे प्रश्न होता तो हाच. परक्या सरकारने जो संशय धरला तो स्वकीय सरकारने धरावा काय? १९४६ पासून तात्पुरते परवाने मिळू लागले होते. १५ मे १९४८ रोजी महू येथील लष्कराच्या सिग्नल्स विद्यालयात हौशी बिनतारीवाल्यांचा देशव्यापी क्लब स्थापन झाला. पुढे तो दिल्लीस गेला आणि १९५४ साली त्यास ‘अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ हे नाव मिळाले. ज्या लष्कराच्या हिताचे कारण सांगून यंत्रे काढून घेतली होती, त्याच लष्कराच्या विद्यालयात हौशी मंडळींचे घर बांधले गेले, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

तरीही संशय एका दिवसात जात नाही. अंदमान-निकोबार बेटे सीमेवरची. तेथे १९८७ नंतर सतरा वर्षे हौशी केंद्रास परवानगी मिळाली नव्हती. डिसेंबर २००४ मध्ये ती मिळाली आणि भारती प्रसाद या अनुभवी हौशी बिनतारीवालीच्या नेतृत्वाखाली एक पथक पोर्ट ब्लेअरला पोहोचले. जगभरच्या हौशी मंडळींशी संपर्क साधणे एवढाच त्यांचा हेतू होता. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या आणि दूरध्वनी मुके झाले. त्या पथकाच्या तारांवरून पुढे कितीतरी दिवस ‘आम्ही सुखरूप आहोत’ असे निरोप मुख्य भूमीवरील कुटुंबांना जात राहिले. परवानगी एक महिना उशिरा मिळाली असती तर? सरकारी टेबलाशी बसणाऱ्या माणसाने हा प्रश्न स्वतःस अधूनमधून विचारावा असा आहे. नकार देणे आम्हांस नेहमी सोपे असते, कारण नकाराने झालेले नुकसान कोणत्याच फाइलीत नोंदले जात नाही.

हे सारे मनात ठेवून मी शेजाऱ्यांना घेऊन सुभेदारांच्या गच्चीवर गेलो. परवाना, ना-हरकत पत्र, सर्व कागद ठीक होते. परंतु तक्रार सर्वस्वी खोटी नव्हती. पश्चिमेकडील तणाव्याचा भिंतीतील लोखंडी आकडा गंजून निम्मा झाला होता. माकडे तणाव्यांना झोके घेतात, त्यामुळे तो हललाही होता. सुभेदारांनी वाकून तो पाहिला आणि थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “खांब वाऱ्याने पडत नाही, साहेब, आकड्याने पडतो. चूक माझी आहे.”

त्याच आठवड्यात खांब उतरविण्यात आला. नवे आकडे काँक्रीटमध्ये बसविले गेले, भूसंपर्काची तार बदलली गेली. खांब पुन्हा उभा करताना तिन्ही तणावे एकाच वेळी धरण्यास माणसे हवी होती. ती तक्रार करणाऱ्या घरांतूनच आली. आता ठराव असा झाला आहे की, आंधीचे दिवस सुरू होण्यापूर्वी दर वर्षी एप्रिलात एका रविवारी शेजाऱ्यांपैकी दोघांनी सुभेदारांबरोबर प्रत्येक आकडा आणि प्रत्येक गाठ तपासावयाची.

हौशी माणसाच्या खांबाचा इतिहास शोधीत असता मला जे सापडले ते इतकेच. परवाना हा कागद असतो. खांब उभा राहतो तो विश्वासावर आणि विश्वास टिकतो तो देखरेखीवर. चोरून लावलेल्या तारेने एकदा या देशाची सेवा केली, कारण तेव्हा उघडपणे बोलण्यास बंदी होती. आज ती उघड्यावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर उभी राहू शकते, हेही त्या लढ्याचेच फळ आहे. ते गंजू न देणे हे आमच्या आणि शेजाऱ्यांच्याही हाती आहे.