लांकडी साजाची मोटार

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें तेव्हां अमेरिकेंतील मोटारींच्या दुकानांत विकावयास नवी मोटार जवळजवळ नव्हती. फेब्रुवारी १९४२ मध्यें सरकारी हुकुमानें खासगी मोटारींची बांधणी थांबविण्यांत आली होती, आणि डेट्रॉइटचे कारखाने रणगाडे, तोफा व विमानांचीं इंजिनें घडविण्यांत गुंतले होते. साडेतीन वर्षें जुन्या गाड्या कशाबशा चालविलेले लोक आतां पैसे घेऊन दुकानांच्या दारांत उभे राहिले. त्यांना दाखवावयाचें काय? नवा नमुना आंखून त्याचे सांचे तयार करावयाचे म्हणजे अवधि लागतो. म्हणून बहुतेक कंपन्यांनीं १९४२ च्याच गाडीस पुढें नवी जाळी व बाजूस चकचकीत पट्टे लावून ती १९४६ ची म्हणून बाजारांत आणली. या एकसारख्या गर्दींत क्रायस्लर कंपनीनें मात्र एक निराळी वस्तु मांडली. (मुंबईच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सनें जिच्या सहकार्यानें डॉज व प्लिमथ गाड्या कुर्ल्यास जुळविल्या, तीच ही कंपनी.) त्या गाडीचें नांव ‘टाउन अँड कंट्री’, म्हणजे शहरांतही शोभावी आणि खेड्यावरही न्यावी अशी, आणि तिचें वैशिष्ट्य असें कीं तिचीं दारें व मागचा भाग लांकडानें मढविलेला होता.

मोटारीला लांकूड नवें नव्हतें. आरंभीच्या मोटारींचे सांगाडे घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांच्याच हातचे असत. पुढें पत्रा आला, तरी स्टेशनावरून उतारू व त्यांचें सामान हॉटेलांत पोंचविणाऱ्या गाड्या लांकडीच राहिल्या, आणि त्यांना ‘स्टेशन वॅगन’ हें नांव पडलें. हेन्री फोर्डनें तर मिशिगन संस्थानांत आयर्न माउंटन येथें स्वतःचीं जंगलें घेऊन लांकूड कापण्याचा कारखाना थाटला. तेथील टाकाऊ तुकड्यांचा कोळसा करून त्याच्या वड्या विकण्याचा धंदाही त्यानें साधला, यावरून तो मनुष्य किती हिशेबी होता हें दिसून येतें. परंतु या साऱ्या कामाच्या गाड्या. बंगल्यासमोर मिरवावयास कोणी त्या घेत नसे.

क्रायस्लरनें ही समजूत बदलली. १९४१ सालीं तिनें लांकडी बाजू व पोलादी छप्पर असलेली पहिली ‘टाउन अँड कंट्री’ काढली. पण युद्धामुळें ती दोन हंगामांतच बंद पडली. युद्धोत्तर गाडी निराळी होती. १९४६ ची उघड्या छपराची गाडी कंपनीच्या उंची ‘न्यू यॉर्कर’ मोटारीच्या सांगाड्यावर उभारलेली असून तिला एका ओळींत आठ सिलिंडरांचें, १३५ अश्वशक्तीचें इंजिन होतें. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतरच साडेदहा फुटांहून अधिक! किंमत प्रथम अडीच हजार डॉलरांच्या वर होती, ती दोन वर्षांत तीन हजारांपलीकडे गेली. साधी फोर्ड त्या वेळीं याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळे. म्हणजे जें लांकूड कालपर्यंत काटकसरीचें चिन्ह होतें, तेंच श्रीमंतीचें झालें. लिओ कारिलो या चित्रपटनटानें तर आपल्या गाडीच्या तोंडावर शिंगांसकट बैलाचें मस्तक बसविलें होतें. हौसेला मोल नसतें. पण त्या सुंदर लांकडाशेजारीं तें कसें दिसत असेल याची कल्पना ज्याची त्यानें करावी.

त्या लांकडाची बांधणी पाहण्यासारखी आहे. चौकट अ‍ॅश नांवाच्या फिकट, चिवट लांकडाची. टेनिसच्या बॅटी पूर्वीं याच लांकडाच्या करीत. दाराचा वळणदार भाग एका तुकड्याचा होणें शक्य नसे, म्हणून दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत गुंतवावीं तसे सांधे करून सरसानें ते जोडीत. चौकटीच्या आंत महॉगनीचा पातळ तांबूस पापुद्रा, आणि या सर्वांवर रोगणाचे हात. आतां मौज पहा. १९४७ च्या सुमारास महॉगनीच्या जागीं तिच्या रेघांची हुबेहूब नक्कल छापलेला पापुद्रा पत्र्यावर चिकटविण्यास आरंभ झाला. गिऱ्हाईक खुषींत राहिलें, कारण भोंवतालची चौकट खरी होती. पुढें १९८० नंतरच्या दशकांत याच नांवाच्या गाड्यांवर चौकटही खोटी आली!

अशा गाडीचा मालक निष्काळजी असून भागत नसे. ऊन, पाऊस व थंडी यांनीं लांकूड फुगतें, आकसतें आणि कुरकुरतें; वेळोवेळीं घांसून त्यावर पुन्हां रोगण चढवावें लागे. पुष्कळांनीं तें केलें नाहीं. कारखान्यालाही हें हस्तकाम परवडेना. १९४६ ते १९४८ या काळांत उघड्या छपराच्या आठ हजारांवर गाड्या निघाल्या. १९४९ सालीं हजारही निघाल्या नाहींत. त्याच वर्षीं क्रायस्लरच्याच घरच्या प्लिमथनें सर्वस्वी पोलादी, स्वस्त स्टेशन वॅगन आणली आणि निकाल लागला. १९५० नंतर ‘टाउन अँड कंट्री’चें लांकूड संपलें. ब्युइकनें तें १९५३ पर्यंत धरून ठेविलें, एवढेंच.

नंतर या गाड्यांची दैना झाली. कॅलिफोर्नियांत समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणारीं तरुण मुलें जुन्या लांकडी गाड्या कवडीमोलानें घेत, कारण लांबलचक फळी त्यांत मावे. कित्येक गाड्या अंगणांत कुजून गेल्या. आणि ज्या उरल्या त्यांपैकीं उत्तम जीर्णोद्धार झालेल्यांची किंमत पुढें लिलावांत एक लाख डॉलरांच्या वर गेल्याचीं उदाहरणें आहेत.

हा जीर्णोद्धार म्हणजे निम्मी लोहारकी व निम्मी सुतारकी होय. पाणी दाराच्या तळाशीं व सांध्यांत साठतें, आणि कूज तेथूनच चढते. लोखंडी खिळे व स्क्रू गंजून त्यांभोंवतीं काळे डाग पडतात; ते ऑक्झॅलिक आम्लानें उजळावे लागतात. कुजलेला तुकडा फेंकून देतां येत नाहीं, कारण नव्या तुकड्याचें माप व वळण त्यावरूनच घ्यावयाचें असतें. मग रोगणाचे अनेक हात, आणि प्रत्येक दोहोंमध्यें घांसणी.

येथेंच जाणत्यांत वाद आहे. सर्व चौकट नवी केली तर गाडी कारखान्यांतून निघाली त्याहूनही देखणी होते. पण मग १९४७ च्या सुताराच्या हातचें तींत उरतें काय? उलट जुनें लांकूड राखावें तर डाग व ठिगळें दिसतात, आणि बक्षिसें देणाऱ्या परीक्षकांना तीं क्वचितच रुचतात. इंजिनाचे भाग बदलले तर कोणी हरकत घेत नाहीं, कारण ते झांकलेले असतात. पत्र्याचें ठिगळही रंगाखालीं लपतें. लांकूड मात्र कांहींच लपवीत नाहीं. म्हणून चांगला कारागीर कुजकें टोंक तेवढें कापतो, त्याच जातीच्या लांकडाचा, रेघांशीं रेघा जुळणारा तुकडा सांधतो, आणि उरलेल्या जुन्या चौकटीस रंधा लावीत नाहीं. या रीतीला वेळ दुप्पट लागतो व गाडी थोडी कमी चकाकते, तरी हीच रीत खरी. सांधा मात्र पावसाळी हवेंत पुन्हां हळूंच उघडूं लागतो, आणि मालकाला रोगणाचा डबा परत काढावा लागतो.