घाणेरी, गवत आणि जानेवारीतली आग

ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाला घाणेरीने एकदा तरी ओरबाडलेलं असतं. लाल-पिवळ्या फुलांची, काटेरी, कुणी टणटणी म्हणतं तीच. ही मूळची अमेरिका खंडातली. 19व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आणली, आणि पाखरांनी फळं खाऊन बिया देशभर पोचवल्या.

आता कर्नाटकात जाऊ. चामराजनगर जिल्ह्यातल्या बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगा आदिवासी राहतात. पानगळ झाली की साधारण जानेवारीत ते जंगलातला पाचोळा पेटवत. याला ते 'तरगु बेंकी' म्हणतात, म्हणजे पाचोळ्याची आग. ही आग बुटकी, पटकन विझणारी. गवताचा कोंब जमिनीलगत असतो, त्यामुळे वरचं पातं जळलं तरी पावसात ते पुन्हा फुटतं. झुडपांची कोवळी रोपं मात्र मरतात. थोडक्यात काय, गवत आणि झुडपाच्या भांडणात ही आग गवताच्या बाजूने.

वन कायद्यानुसार राखीव जंगलात आग लावणं गुन्हाच होता. 1974 साली इथे अभयारण्य झालं आणि ही प्रथा बंद पडत गेली. पुढे 1997 ते 2008 या काळात घाणेरीचा आढळ जवळजवळ दुप्पट झाला.

म्हणजे आग बंद केली म्हणून घाणेरी वाढली? इतकं सोपं नाही. 2005 साली अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम या अभ्यासकांनी नेमकी उलटी शक्यता मांडली होती: आगीमुळे घाणेरी फोफावते, आणि घाणेरीमुळे आग भडकते. त्यातही तथ्य आहे, कारण मोठी झालेली घाणेरी जळाली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. मग 2012 साली त्याच दोघांनी सहकाऱ्यांसोबत सोलिगांचं म्हणणं नोंदवलं. ते म्हणत होते, आमची आग थांबली म्हणून ही माजली!

मला वाटतं दोन्ही बरोबर असू शकतं. जानेवारीत पाचोळ्याला लावलेली आग वेगळी. भर उन्हाळ्यात, वाळलेल्या घाणेरीच्या जाळीवरून झाडांच्या शेंड्यापर्यंत चढणारी आग वेगळी. कायद्याला मात्र आग म्हणजे एकच बटण वाटलं, चालू किंवा बंद.

2011 साली सोलिगांना तिथल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. पण आता नुसती जुनी आग परत आणून भागणार नाही, कारण जिथे गवत होतं तिथे घाणेरीचं रान झालंय. आधी ती उपटायची, मग काडी. आणि काडी कधी लावायची, हे ज्यांना माहीत आहे त्यांना विचारूनच.