पदन्यास, प्रस्तरारोहणातील

कड्यावर पाऊल कुठे व कसे ठेवावे आणि शरीराचा भार त्यावर कसा न्यावा, याचे तंत्र. आरोहकांच्या बोलण्यात ‘फूटवर्क’. पायांचे स्नायू बोटांच्या व दंडांच्या स्नायूंपेक्षा कितीतरी बळकट असतात. म्हणून अंग वर ढकलायचे ते पायांनी आणि तोल सांभाळायचा तो हातांनी, हे याचे मूळ सूत्र.

प्रकार : ‘एजिंग’मध्ये अरुंद खाचेवर अंगठ्याजवळची बुटाची कड रोवून उभे राहतात. करंगळीकडची कड वापरल्यास कंबर कड्याला लगटून वळते व हात अधिक लांब पोचतो. ‘स्मिअरिंग’ खाच नसलेल्या, कललेल्या कातळावर उपयोगी पडते. तिथे केवळ घर्षणाचा आधार असतो आणि घर्षण कातळावरील लंब दाबावर ठरते. म्हणून टाच खाली व कंबर कातळापासून दूर ठेवतात. भीतीने कातळाला बिलगल्यास हा दाब घटतो आणि पाय सटकतो. भेगेत गुडघा बाहेर वळवून पाऊल घालतात. गुडघा सरळ केला की ते घट्ट अडकते. ओव्हरहँगवर, म्हणजे बाहेर झुकलेल्या कड्यावर, टाच अडकवून हातांवरचा भार कमी करतात, तर ‘फ्लॅगिंग’मध्ये मोकळा पाय बाजूला ताणून अंग फिरू देत नाहीत.

खडक : सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये आडव्या खाचा पुष्कळ, पण सुटे दगड आणि गवतही तितकेच. पाऊल टेकवून, दाबून पाहून मगच भार द्यावा. हंपीच्या ग्रॅनाइट शिळांवर घर्षणाचा कस लागतो.

पादत्राणे : फ्रेंच आरोहक पिएर आलँ यांनी १९३०च्या दशकात गुळगुळीत रबरी तळव्याचा बूट घडवला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘बोरेआल’ या स्पॅनिश कंपनीच्या ‘फिरे’ बुटाने चिकट रबर रूढ केले.

सराव : जमिनीलगत आडवे चढत जावे. पाऊल पूर्ण टेकेपर्यंत नजर त्यावरून हलवू नये. ते आवाज न करता पडावे आणि एकदा ठेवल्यावर चाळवू नये. सोप्या उतारावर, जाणकाराच्या देखरेखीखाली, हात न लावता चढून पाहावे. बोटांच्या स्नायुरज्जूंना बळ यायला वर्षे लागतात. नवशिक्याची प्रगती त्याआधी पायांतूनच होते.