वारली आदिवासींचा लढा : नेतृत्व आणि सामायिक ध्येय

वेठबिगारीविरुद्ध डहाणू-तलासरी भागात १९४५ पासून झालेला लढा. तलासरीजवळ झरी येथे २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले. वेठ आणि लग्नगडी पद्धत (लग्नाच्या कर्जापोटी जन्मभर राबणे) यापुढे बंद, असे ठरले. हे ध्येय किसान सभेच्या गोदावरी व शामराव परुळेकरांनी बाहेरून आणले नव्हते. जमीनदाराकडे राबणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ते होतेच. परुळेकरांचे मोठेपण त्याला नेमकी मागणी देण्यात आहे : ५०० पौंड गवत कापणीस अडीच रुपये. या मागणीसाठी संप सुरू झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यातील गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले. परुळेकरांना जिल्हाबंदी झाली, तरी संप चालूच राहिला.