औषध ‘सिद्ध’ झाले म्हणजे नेमके काय? क्रोन्स आजार आणि इन्फ्लिक्सिमॅब

क्रोन्सच्या रुग्णाला बायोलॉजिक औषध सुचवले की बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो, “हे नीट तपासलेले आहे ना?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर या गटातल्या पहिल्या औषधाच्या, म्हणजे इन्फ्लिक्सिमॅबच्या इतिहासात सापडते.

क्रोन्स हा पचनमार्गाला वारंवार सूज आणणारा आजार आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढची अनेक दशके स्टिरॉइड, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आणि शस्त्रक्रिया यांवरच मुख्य भिस्त होती.

आपल्या शरीरात टीएनएफ नावाचे एक प्रथिन असते. ते सूज वाढवते. त्याला पकडून निष्प्रभ करणारी अँटिबॉडी न्यूयॉर्कमध्ये तयार झाली. तिचा काही भाग उंदराचा, बराचसा माणसाचा. सुरुवातीला ती सेप्सिससाठी वापरून पाहिली, पण यश आले नाही. मग ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी गंभीर क्रोन्स असलेल्या एका मुलीला ती दिली. तिला फरक पडला. १९९३ मध्ये हा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

एका रुग्णाला गुण आला म्हणजे औषध सिद्ध झाले का? नाही. क्रोन्स कधी उसळतो, कधी आपोआप शमतो. म्हणून तुलना लागते. स्टीफन टार्गन आणि सहकाऱ्यांनी १०८ रुग्णांवर चाचणी घेतली. कोणाला औषध मिळेल आणि कोणाला औषध नसलेले द्रव, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले. आपल्याला काय मिळाले हे रुग्णाला माहीत नव्हते आणि डॉक्टरांनाही नव्हते. निकाल १९९७ मध्ये आला. चार आठवड्यांनी, किलोमागे ५ मिलिग्रॅम औषध मिळालेल्यांपैकी ८१ टक्क्यांना आराम पडला होता. औषध न मिळालेल्यांपैकीही १७ टक्क्यांना बरे वाटले होते! तुलनाच केली नसती, तर त्या १७ टक्क्यांचे श्रेयही औषधालाच गेले असते.

त्याच चाचणीत आणखी दोन गोष्टी दिसल्या. डोस वाढवला म्हणून गुण वाढला नाही. १० मिलिग्रॅमच्या गटात ५० टक्क्यांनाच आराम पडला. शिवाय एका डोसचा परिणाम ओसरत गेला. बारा आठवड्यांनी औषध घेतलेल्यांपैकी ४१ टक्केच सुधारलेले होते. १९९८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली, तरी ते किती दिवस चालू ठेवायचे हा प्रश्न उरला होता. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या ‘ॲक्सेंट-१’ चाचणीत त्याचे उत्तर मिळाले. पहिल्या डोसला प्रतिसाद दिलेल्यांमध्ये, दर आठ आठवड्यांनी औषध चालू ठेवलेल्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला.

मग तपासणी पूर्ण झाली का? तरीही नाही. काहीशे रुग्णांच्या चाचणीत क्वचित होणारा धोका दिसेलच असे नसते. औषध बाजारात आल्यावर ते हजारो लोकांनी घेतले आणि क्षयरोगाच्या तक्रारी येऊ लागल्या. २००१ मध्ये अशा ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यात संधिवातासाठी औषध घेणारे बरेच होते. कारण समजण्यासारखे आहे. शरीर क्षयाच्या सुप्त जंतूंना पेशींच्या कोंडाळ्यात अडकवून ठेवते आणि ते कोंडाळे टिकवायला टीएनएफच लागते. टीएनएफ अडवले की कोंडाळे सैल पडते.

हे ७० रुग्ण बहुतांशी क्षयरोग कमी असलेल्या देशांतले होते. आपल्याकडे तर सुप्त क्षयरोग असलेले लोक खूप आहेत. त्यातून आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे, की अनुभवी डॉक्टरांनाही कधीकधी फरक करणे अवघड जाते. म्हणूनच बायोलॉजिक सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि क्षयरोगासाठी त्वचेची किंवा रक्ताची तपासणी सांगितली जाते. हा वाढीव खर्च वाटला, तरी ती टाळू नका. घरात कोणाला कधी क्षयरोग झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. औषध सुरू झाल्यावर रेंगाळणारा ताप, खोकला किंवा वजनात घट जाणवली, तर पुढच्या डोसपर्यंत थांबू नका.

तेव्हा “हे तपासलेले आहे ना?” असे जरूर विचारा. त्याला जोडून आणखी तीन प्रश्न विचारा: कशाशी तुलना करून, किती काळ आणि माझ्यासारख्या रुग्णांवर का?