'यूज्ड टू'ची सवय

उशिरा येण्याबद्दल आमच्या साहेबांनी लेखी खुलासा मागितला. मालाडकराला यात अवघड ते काय? ठोकून दिले, 'आय यूज टू कम बाय एट ट्वेल्व्ह लोकल.' साहेबांनी लाल शाईने 'यूज'ला 'डी' जोडला आणि खाली विचारले, 'मग हल्ली कशाने येता?'

एका 'डी'ने आमची लोकल भूतकाळात गेली!

चूक आमची, पण तिला इतिहास आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, १८५७ साली मुंबईत विद्यापीठ निघाले, आणि पुढे तर्खडकरांच्याच घराण्यातल्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी घोकत बसल्या. मराठीला रीतीचे वैभव मोठे. पूर्वी जाई किंवा जात असे, बोलताना जायचो, आणि आज जात असतो. इंग्रजाकडे 'यूज्ड टू' आहे तो फक्त 'जात असे'पुरता. 'जात असतो'साठी त्याने नुसते 'आय गो' म्हणावे आणि गप्प बसावे. आपल्याला तेवढ्यावर समाधान नाही, म्हणून आपण 'डी' काढून वर्तमानकाळ तयार करतो. त्यातून उच्चारात तो 'डी' पुढच्या 'टी'त विरघळतो. कानाला ऐकू येते 'यूस्टू'.

गंमत म्हणजे शेक्सपिअरच्या काळात इंग्रजही वर्तमानकाळात 'यूज टू' म्हणत असे. पुढे त्याने ते टाकले. म्हणजे आमचे इंग्रजी चुकीचे नाही हो, शिळे आहे!

तिसरा प्रकार 'अ‍ॅम यूज्ड टू', म्हणजे सवय आहे. याच्यापुढे 'सिट' नाही, 'सिटिंग' लागते. हा फरक मला मात्र नानांनी शिकवला.

आमची मालाडची चाळ गेल्या वर्षी पाडली. भाड्याच्या जागेतून नाना रोज संध्याकाळी तिथे जातात आणि पत्र्याच्या कुंपणाशी उभे राहतात. मी म्हटले, "नाना, आता काय आहे तिथं?"

एस.एस.सी.ला तर्खडकर पाठ केलेला माणूस. म्हणाले, "आय यूज्ड टू सिट हिअर. आय अ‍ॅम यूज्ड टू सिटिंग हिअर. फरक कळतो?"

"पहिल्यात बसणं संपलं. दुसऱ्यात सवय आहे."

"बरोबर. पहिलं वाक्य बिल्डरनं लिहिलं. दुसरं अजून माझं आहे."

साहेबांची लाल शाई तिथवर पोचत नाही. हल्ली आठ-बाराने परतलो की मीही स्टेशनवरून तिकडूनच येत असतो. याचे इंग्रजी कृपया विचारू नये.